हैबतराव महाराजांच्या एकुलत्या वाचकाची हकीकत

श्रीगजाननास, शारदेस आणि कानी शिरून बोलणाऱ्या सकळ उस्तादांस दंडवत घालून, जैसे पाहिले आणि जैसे ऐकिले तैसे लिहितो. अधिकउणे असेल ते वाचणारांनी पदरी घ्यावे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्षमासी ऐसा प्रसंग गुदरला की, एका मुलखी श्रीमंत हैबतराव महाराज राज्य करीत असतां त्यांस ब्लॉग लिहिण्याचा छंद जडला. मुलूख सुखी, शत्रू आळशी, हाताशी वेळ उदंड, आणि महाराजांस पालेभाजीची आवड भारी. मग महाराज स्वतः मंडईत स्वारी नेत, जुडी हाती घेऊन फोटो काढीत आणि तिजवर लेख लिहून ब्लॉगी चढवीत. परंतु ब्लॉगाच्या दौलतीस रयत नाही. वाचक अवघा एक, आणि तो म्हणजे महाराजांच्या सासूबाई, श्रीमंत गोजराबाईसाहेब. यजमान कैलासवासी जाहल्यापासून बाई लगतच्या गढीत एकट्याच राहत, लेख आला की चष्मा चढवीत आणि लागलाच अभिप्राय लिहीत की, "जावईबापू, फोटोत चंदनबटवा आहे आणि वर चाकवत लिहिलंय. डोळे तपासून घ्या." दुसरे दिवशी, "अळूत चिंच सांगितली नाहीत. घसा खाजला म्हणजे बसा लेख लिहीत." निम्मे वेळा चूक बाईसाहेबांचीच असे, परंतु ते त्यांस सांगण्याची छाती मुलखात महाराजांवाचून कोणास नव्हती. मग महाराज चिडून उत्तर देत, आणि बाई प्रत्युत्तर देत, आणि युद्ध जेवणवेळेपर्यंत चाले. महाराज राणी मैनावतीबाईंस म्हणत, "सासूला कोण वाचक म्हणतं?" राणीसाहेब म्हणत, "माझी आई आहे ती, तोंड सांभाळून बोला."

मग कोणी सांगितले की, परमुलखी थोर ब्लॉगलेखक आहेत, ते आपली विद्या पॉडकास्ट करून फुकट वाटितात. कानी बोंडे घालावी आणि ऐकावे. महाराजांनी तत्काळ बोंडे आणविली आणि स्नान, भोजन, न्यायनिवाडा अवघे त्यांसहितच करू लागले. एके दिवशी चोर उभा केला असतां कानातला उस्ताद बोलिला, "उत्तम, असेच चालू ठेवा," आणि महाराज तेच मोठ्याने बोलिले, आणि चोर मुजरा करून कामास गेला. एक उस्ताद म्हणे रोज लिहा, दुजा म्हणे महिन्यातून एकदा. एक म्हणे लांब, दुजा म्हणे आखूड. महाराजांनी सर्वांचे ऐकिले, आणि एक ना धड भाराभर चिंध्या ऐशी गत होऊन "मेथी, भाग पहिला" एवढे लिहून थांबले. मग एक थोर उस्ताद बोलिला की, आदर्श वाचक मनी कल्पावा, त्यास नाव द्यावे, वय द्यावे, खाणेपिणे ठरवावे, आणि फक्त त्याजसाठी लिहावे. हे महाराजांस फार मानवले. त्यांनी कुमारी मायरा नामे वाचक कल्पिली. वय बत्तीस, परमुलखी वास्तव्य, कॉफी बिनदुधाची, भाजी खाते परंतु निवडीत नाही. मग दरबारी तिची गादी मांडिली, आणि मानकऱ्यांस तिजपुढे मुजरे करावयास लाविले, आणि पुढे रोज कॉफी ठेविली, ती निवे आणि चिटणीस तोंड वाकडे करून पीत. हुकूम जाहला की, नात्यागोत्याच्या अभिप्रायांस उत्तर देऊ नये, मायराबाईंस ते गावंढळ वाटेल. पौषात गोजराबाईसाहेब तिळाच्या वड्या घेऊन दरबारी आल्या आणि गुडघे धरले म्हणोन समोरच्या गादीवर टेकू लागल्या, तो हुजऱ्या ओरडला, "बाईसाहेब, तिथं मायराबाई बसल्यात!"

"कोण? कुठाय?"

महाराज म्हणाले, "त्या आमच्या वाचक आहेत, आईसाहेब."

"आणि मी?" बाईंनी विचारिले. परंतु महाराजांचे कानी बोंडे होती, ते ऐकू आले नाही. बाईंनी वड्यांचा डबा गादीवर ठेविला, "खा म्हणावं तिला," ऐसे बोलून गढीस परतल्या.

त्या दिवसापासून ब्लॉगी शुकशुकाट. महाराजांनी मायराबाईंसाठी करडईवर लेख लिहिला, शेपूवर लिहिला, सर्व उस्तादांच्या आज्ञेबरहुकूम लिहिला, त्यात एक चूक म्हणोन नव्हती. परंतु मायराबाई जन्मासच आल्या नसल्याकारणे वाचण्यास येऊ शकल्या नाहीत. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागले, आणि पळतेही कोणी नव्हते. महाराज घडोघडी अभिप्राय पाहत, तेथे शिवीसुद्धा नाही. अन्न गोड लागेना. अखेर बोंडे काढून महाराज पायीच गढीस गेले, तेव्हां बाई ओसरीवर हरभऱ्याचे सोलाणे सोलीत होत्या.

"आईसाहेब, आमचे लेख वाचत नाही तुम्ही."

"मायराबाई वाचत असतील की."

"त्या नाहीत."

"गेल्या?"

"मुळात नव्हत्याच," महाराज खाली मान घालून म्हणाले.

बाई इतक्या हसल्या की सोलाणे ओसरीभर जाहले. मग हसू ओसरले आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे गेल्यापासून या गढीत मला कुणी नाही म्हणत नाही. सकाळपासून सगळे होय बाईसाहेब, होय बाईसाहेब. तुम्ही चुकता, मी ओरडते, तुम्ही उलट बोलता. तेवढाच दिवस बरा जातो माझा. या महिन्यात तुम्ही चुकलाच नाहीत, मग मी वाचू काय?"

महाराजांनी खाली बसून बाईंसमवेत सोलाणे वेचिले.

सारांश, मायराबाईंची गादी उचलली, पॉडकास्ट आठवड्यातून एक वार ठरला, आणि दौलतीची रयत वाढली नाही. एक वाचक होता तो एक राहिला. हल्ली महाराज दर लेखी एक चूक जाणूनबुजून ठेवितात. गोजराबाईसाहेब दर वेळी तीन काढितात.