सोळा रूपं आणि एक नारळ

कार्यक्रम विनोद तांडेलच्या, म्हणजे माझ्या, हातात द्या आणि निर्धास्त राहा, असं आमच्या चिखले गावात कुणीही सांगेल. निदान २०१७च्या डिसेंबरपर्यंत तरी सांगायचे.

माझी पुतणी भाविनी मुंबईत पियानो शिकली. बाकी सगळं घर दर्यावर जाणारं, आणि हिने हे काढलं. तिचा इकडचा पहिला कार्यक्रम मी डहाणूत एका शाळेच्या सभागृहात ठरवला. घोलवडच्या चिकूवाडीतला जुना पियानो टेम्पोतून आणला. आठ जणांनी उचलला. त्यातल्या चौघांची कंबर अजून बोलते.

"काका, आधी एक साधी चाल वाजेल," भाविनी म्हणाली. "मग त्याच चालीची सोळा रूपं. मध्ये थांबले तरी टाळ्या नकोत. सगळं संपल्यावरच."

"मला शिकवतेस? पंचवीस वर्षं गणपतीचं स्टेज सांभाळतोय."

लोकांना बजावलं, मी टाळी वाजवली की वाजवायची. भाविनीची आई, संगितावहिनी, मासळी विकून थेट पहिल्या रांगेत येऊन बसली होती. लेकीला तिने असं कधी ऐकलंच नव्हतं.

"वहिनी, वाद्य परदेशी आहे. नाही कळलं तर मला विचारा," मी म्हणालो.

पहिलं रूप संपलं. भाविनीने श्वास घेतला. मला वाटलं, झालं. मी टाळी वाजवली आणि दोनशे माणसांनी सभागृह डोक्यावर घेतलं. दुसऱ्यालाही तेच. तिसरं तर एवढ्या दणक्यात संपलं, की मी शाल-श्रीफळ घेऊन स्टेजवरच चढलो. भाविनीला शाल पांघरवली, नारळ पियानोवर ठेवला, माइकवरून आभारही मानले.

"काका," ती हळूच म्हणाली, "अजून तेरा आहेत."

मी खाली उतरलो. पुढे तिची बोटं टोपलीतून सुटलेल्या चिंबोऱ्यांसारखी पळायला लागली. पियानो हादरू लागला, नारळ सरकू लागला. सगळे नारळाकडेच बघत होते. सहाव्या रूपात तो डावीकडच्या पट्ट्यांवर आदळला. धडाम! भाविनी थांबली नाही. तिने तिथेच स्वतःचे आणखी दोन दणके दिले आणि तशीच पुढे गेली. मी भान हरपून टाळ्या पिटल्या.

वहिनीने माझं मनगट धरलं. "भावजी, हात मांडीखाली घ्या."

घेतले. दहा रूपं मी तसाच बसून ऐकली. शेवटी एक साधी, संथ चाल वाजली आणि भाविनीने हात मांडीवर ठेवले. कुणीच हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवून खूण केली, थांबा, अजून आहे.

वहिनी एकटीच उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

"वहिनी, बसा. संपलं नाही अजून."

"संपलं की," ती डोळे पुसत म्हणाली. "बोंबील वाळत घालताना मी गुणगुणते तीच चाल आहे ही. सुरुवातीला वाजली तशीच परत आली. आता काय राहिलं?"

मग दोनशे माणसं उठली. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

पुढच्या वर्षीही भाविनीचा कार्यक्रम झाला. मला पार्किंगला ठेवलं होतं. तिथलं नियोजन मात्र उत्तम झालं, असं मीच सगळ्यांना सांगतो.