दांड्याची खोळ

शिंपीकाकांना आयुष्यात इतकं गुणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. माप घेताना ते हललं नाही, श्वास रोखून पोट आत ओढलं नाही, की "जरा सैल ठेवा हं" असंही म्हणालं नाही. हे गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरांच्या लहानशा शिडाच्या बोटीवरचा आडवा दांडा. बोट धक्क्याला लागली की शीड खाली घेऊन, घड्या घालून याच दांड्यावर बांधतात, आणि उन्हानं ते विरू नये म्हणून वरून जाड कापडाची खोळ चढवतात. ती खोळ काकांना शिवायची होती.

लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून काकांच्या दुकानात येत होत्या त्या फक्त बिघडलेल्या चेनी. तशात धक्क्यावरच्या मुकादमानं कापड हातात ठेवून सांगितलं होतं, "एक नमुना करून दाखवा. बंदराच्या साहेबांच्या पसंतीला उतरला, तर धक्क्यावरच्या चौदाही बोटींच्या खोळी तुमच्या. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो." दुसरा माणूस कोण, ते काकांना ठाऊक होतं. त्याचं दुकान बरोबर समोर होतं.

माप घेताना टेपचं दुसरं टोक काकूंनी धरलं होतं.

"अहो, शीड एरवी कुठं असतं?" काकूंनी हळूच विचारलं.

"कुठं म्हणजे? या दांड्यावर."

"आणि आत्ता?"

"डॉक्टरांच्या गच्चीत. धुऊन वाळत घातलंय. का गं?"

"काही नाही," काकू म्हणाल्या आणि ओठ मिटून बसल्या. त्यांचा रोजचा नेम होता. दुपारचे बारा वाजेपर्यंत कुणाची चूक काढायची नाही. विचारायला मात्र हरकत नव्हती, पण काकांना विचारलेलं कधी कळलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी बाराला पाच कमी असताना कापडाला कात्री लावली. काकू घड्याळाकडे बघत राहिल्या.

बारा वाजून एका मिनिटानं त्या म्हणाल्या, "तुम्ही रिकाम्या दांड्याचं माप घेतलंत. शीड बसलं की तो असा बारीक राहणार आहे का?"

काकांचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "चाळीस वर्षं मापं घेतोय मी. आत चार बोटं कापड दाबलंय. माणूस जेवून उठला म्हणून कुणी पँट बदलत नाही."

"हा चांगला भरपेट जेवणार आहे," काकू म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिघं बोटीवर जमली. शीड दांड्यावर येऊन बसलं होतं आणि दांडा ओळखू येत नव्हता. काकांनी खोळ पांघरली. ती पाठीवर छान बसली, पण खाली दोन्ही काठांमध्ये वीतभर अंतर राहिलं. दाबलेली चार बोटं उसवली, तरी आठ बोटं उरलीच.

"डॉक्टर, जरा दाबून धरा," काका म्हणाले.

डॉक्टरांनी शिडाला एका हाताची मिठी मारली. काकांनी जोर करून एकेक बटण लावलं. सहावं लावताच पहिलं उडालं आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर टणकन आपटलं.

"अहो, डोळा गेला असता माझा!"

"डोळे मिटून घ्या. हात सोडू नका!"

तेवढ्यात धक्क्यावरून मुकादम येताना दिसला. बटणांचा नाद सोडून काकांनी तंबू शिवायचा दोरा दुहेरी ओवला आणि मोठ्या सुईनं सपासप टाके घालायला सुरुवात केली. सुई कशाकशातून जातेय ते बघायला वेळ नव्हता.

"अहो, नुसता काठच घेताय ना?" काकूंनी विचारलं.

"काठच! कच्चा टाका आहे. तो गेला की उसवून टाकतो."

मुकादम बोटीवर आला. खोळीवर त्यानं हात फिरवला, मान डोलावली. काकांनी दोन दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

"झकास! एक सुरकुती नाही," मुकादम म्हणाला. "आता ओढलं की खोळ सुटून शीड वर जातं का बघू. डॉक्टर, तुम्ही असे बिलगून का उभे?"

"नाही, सहज," डॉक्टर डोळे उघडत म्हणाले.

"थांबा, आधी खोळ..." काका बोलेपर्यंत मुकादमानं दोरी ओढलीसुद्धा. शीड निघालं. शिडाबरोबर दांड्यासकट खोळ वर निघाली. आणि खोळीबरोबर डॉक्टरांच्या शर्टाची बाही, बाहीत डॉक्टरांचा हात. वर्गात एकट्यालाच उत्तर येत असलेल्या मुलासारखा हात वर करून डॉक्टर टाचा उचलून उभे राहिले.

"खेचू नका! मी शिवलो गेलोय!"

मुकादमानं दोरी बांधली आणि जवळ येऊन टाके निरखले. एकही टाका तुटला नव्हता. त्यानं बोटानं एक ओढून बघितला. मग दुसरा.

काका मान खाली घालून म्हणाले, "मापच चुकलं, मुकादम. खोळींचं काम समोरच्याला द्या."

"खोळी काकू शिवतील," मुकादम म्हणाला. "मघाशी धक्क्यावरून दिसलं, काठ नीट बघत होत्या त्या एकट्याच. तुम्ही दुसरं करा. आमची चौदाही शिडं वाऱ्यानं शिवणीत फाटतात. जोरात ओढलं तरी न सुटणारा टाका मी पाच वर्षं शोधतोय."

काकांनी मान वर केली. त्यांनी घाईघाईनं कात्री काढली.

"कापू नका!" मुकादमानं त्यांचा हात धरला. "मंजुरी साहेब देतात. चारला येतील. नमुना असाच राहू दे."

"म्हणजे मी?" डॉक्टर ओरडले.

"शर्ट काढून ठेवता का?"

डॉक्टरांनी धक्क्याकडे पाहिलं. तिथं त्यांचे तीन पेशंट उभे होते आणि त्यातले दोघं त्यांना हात हलवून दाखवत होते.

"नको," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि त्यांच्या मोकळ्या हातात दिला.

"साडेतीन झालेच आहेत, डॉक्टर," त्या समजुतीनं म्हणाल्या. "साखर बरोबर आहे ना?"