अर्धा तास मिळवून

"मुहूर्त चुकला, तर तुमची सातही घड्याळं गोल बाजारात देऊन स्टीलचे डबे घेऊन येईन. सांगून ठेवते!" लेकीच्या लग्नाच्या सकाळी, कार्यालयात पाऊल टाकताटाकताच कुसुमताईंनी बजावलं.

"चुकते कसा? साठ साली वैमानिक घालत होते हे घड्याळ," अच्युतरावांनी मनगट पुढे केलं.

बूढ़ापारा मोहल्ल्यातल्या अच्युतरावांना एकच व्यसन होतं, एकाच वेळी दोन देशांची वेळ सांगणारी जुनी, महागडी विलायती घड्याळं जमवायची. स्वतः माणूस नागपूरच्या पलीकडे गेला नव्हता, पासपोर्टचाही पत्ता नव्हता. पण सकाळी दात घासताना टोकियोत किती वाजले हे कळलं नाही, तर त्यांना चैन पडत नसे. आजचं घड्याळ सातांतलं सर्वांत लाडकं होतं. त्याचे काटे लंडनच्या वेळेवर चालत. भारताची वेळ हवी असेल तर बाहेरची कडी फिरवून ठेवायची, चौथा काटा तिच्यावरच्या आकड्यांवर वाचायचा आणि वर मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा. विलायतेच्या कारागिरांनी आपल्या अर्ध्या तासासाठी जागाच ठेवली नव्हती, त्याला अच्युतराव तरी काय करणार!

मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा होता. नागपूरचे व्याही श्यामकांतराव मुहूर्ताच्या बाबतीत भलतेच कडक. तेव्हा अच्युतरावांनी वेळेची जबाबदारी स्वतःकडे घेतली, मंगलाष्टकांत रिंगटोन नको म्हणून सगळ्यांचे मोबाइल परातीत गोळा केले आणि परात खोलीत ठेवून कुलूप लावलं. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळही उतरवलं, कारण ते म्हणे दोन मिनिटं मागे होतं!

मधल्या गडबडीत उष्ट्या हळदीचा एक फराटा घड्याळावर उमटला. कुसुमताईंनी ते काढून घेतलं, ओल्या फडक्यानं खसाखसा पुसलं आणि परत दिलं. अच्युतरावांनी काटा वाचला, अर्धा तास मिळवला आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाराला पाच कमी!

"चला, चला! नवरदेव कुठे आहे?"

नवरदेव अभिनव पोह्यांवर लिंबू पिळत होता. "अंकल, अभी तो नाश्ता ही आया है."

"पोहे मागून खाजा, बापू! मुहूर्त चालला!"

हातातला चमचा हातातच राहिला आणि नवरदेव पाटावर उभा राहिला. नवरी अनुश्रीचं एकाच डोळ्यात काजळ घालून झालं होतं. तिला तशीच आणली. पाहुणे जेमतेम वीस. अक्षता उरल्या म्हणून प्रत्येकानं तीन-तीनदा टाकल्या. गुरुजींनी मात्र मंगलाष्टकं अशी दणक्यात उरकली, की अच्युतराव खूश झाले.

हार घालून होतात न होतात, तोच दारात बँड वाजला. नवरदेवाचे मामा इंद्रजीत पन्नास माणसं घेऊन नाचतनाचत आत आले आणि गळ्यात हार घातलेला भाचा बघून जागच्या जागी थिजले.

"अरे, आत्ताशी साडेअकरा होऊन राहिले! माझ्याबिगर लग्न काहून लावलं?"

कुलूप उघडलं, परात आली आणि सगळ्या मोबाइलांनी एकच साक्ष दिली. श्यामकांतराव लालबुंद झाले. "अच्युतराव, हे काय होय?"

कुसुमताईंनी फक्त बोटांनी हवेत डब्याचा आकार काढला.

पण गुरुजी धावून आले. त्यांचं पुढचं लग्न सिलतऱ्याला एक वाजता होतं आणि न्यायला आलेली गाडी फाटकाशी हॉर्न देत होती. त्यांनी पंचांग उघडलं, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "अकरा दहा! असा योग बारा वर्षांत आला नाही. बारा दहा त्यापुढे काहीच नाही!"

"म्हणून तर!" अच्युतरावांनी संधी साधली. "छापील वेळेवर कोणीही लग्न लावते. हे घड्याळ बरोबर योगावर आणते!"

श्यामकांतरावांनी घड्याळाला हात लावून नमस्कार केला. मामांनी केला. बँडवाल्यानंही केला. सातही घड्याळं वाचली म्हणून अच्युतरावांनी सुटकेचा श्वास सोडला.

जेवणाची पंगत बसली. जावयानं पहिल्या पंगतीत रुसायचं आणि सासऱ्याकडून काहीतरी मागायचं, ही रीतच. अभिनवनं जिलबीचं ताट पुढे सरकवलं. "मैं नहीं खाऊंगा. मले ते घड्याळ पाहिजे."

अच्युतरावांनी मनगट पाठीमागे लपवलं. "बापू, ते... ते जुनं आहे. दुसरं काही मागा. स्कूटर मागा!"

"काहून हो?" कुसुमताईंनी अगदी गोड आवाजात विचारलं. "ते चुकीचा टाइम दाखवते का? तसं असल तर सांगा सगळ्यांसमोर."

अच्युतरावांनी व्याह्यांकडे पाहिलं, डब्यांची आठवण केली आणि मनातल्या मनात सातातून एक वजा केला. मग डोळे पुसत पट्टा सोडला. पंगतीत टाळ्या पडल्या. जावयानं जिलबी उचलली.

कुसुमताईंनी घड्याळ हातात घेतलं, पदरानं पुसलं आणि जावयाच्या मनगटावर बांधलं.

"जपून वापरजा, बापू," त्या म्हणाल्या. "बाहेरची कडी जरा सैल आहे. बोट लावलं, की एक तास पुढं जाते."