सासऱ्यांचे बूट आणि माझं मीठ

आमच्या विरारच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात कपाट उघडलं, की कपड्यांआधी बुरशीच ‘या, बसा’ म्हणायची! तरीही सत्त्याण्णवच्या जूनमध्ये सासऱ्यांनी आपले कोरे चामड्याचे बूट आमच्याच कपाटात ठेवायला दिले. “आमचं घर गळतं, तुमच्याकडे असू दे,” म्हणाले. केवढा हा विश्वास!

बूट साधे नव्हते. धाकटी मेहुणी स्वप्ना नोकरीला लागली, तेव्हा पहिल्या पगारात तिनं ते वडिलांसाठी घेतले होते. “माझ्या लग्नात हेच घालायचे!” असं बजावलंही होतं. होळी गावच्या वाडीत जन्मभर अनवाणी केळी लावणारा माणूस मांडवाच्या दारात बूट घालून उभा राहणार, या कल्पनेनंच माझे डोळे भरून आले.

“मामा, एक ठिपका जरी पडला तर माझं नाव बदला!” मी सासऱ्यांपुढे गर्जलो.

मिठागरावरून खडं मीठ आणलं, जुन्या मोज्यांत भरलं आणि बरोबर बुटांच्या वर टांगलं. मीठ ओल शोषतं. शास्त्र आहे!

“अहो, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलंय, या मोज्यांतल्या मिठाला नाही का सुटणार?” बायको म्हणाली.

“लतिका, बरणीची गोष्ट वेगळी!”

श्रावणात बघतो तर बूट पांढरेफटक! ओल्या फडक्यानं पुसले. वाळल्यावर पुन्हा पांढरे! बुरशी भलतीच चिवट निघाली. मी मोजे वाढवले, तर बूट आणखी पांढरे झाले. व्हिनेगर चोळलं, खोबरेल चोळलं.

“आता फोडणी तेवढी राहिली!” लतिका म्हणाली.

बघता बघता दिवाळी सरली आणि स्वप्नाचं लग्न चार दिवसांवर आलं. शेवटचा उपाय म्हणून बूट मागच्या अंगणात उन्हात ठेवले आणि अंघोळीला गेलो. परत येतो तो काय, शेजारच्या पुतळाबाईंची शेळी एक बूट प्रेमानं चाटतेय आणि दुसरा निम्मा तिच्या तोंडात!

“लतिका, धाव! शेळी बुरशी खातेय!”

लतिकानं बुटावर बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. “बुरशी कसली? मीठ आहे हे! तुमच्या मोज्यांतून ठिबकलेलं!”

उरलेला दीड बूट पिशवीत घालून सासऱ्यांचं होळी गाव गाठलं. नशिबानं स्वप्ना आमंत्रणं करायला गेली होती. मामांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मी मिठापासून शेळीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

“मामा, चुकलो. तुमचा एवढा विश्वास, आणि मी...”

मामांनी आधी दार लोटलं आणि मग चक्क माझे हात धरले.

“वाचवलंत, जावईबापू! अवो, ते घालून चाललो तर दोनदा पडलो मी! पन पोरीला नाय कसं म्हनायचं? लतिका बोललेली, आमच्या कपाटात चामडं टिकतच नाय. म्हनून तर तुमच्याकडे ठेवले! मी बुरशीच्या भरवशावर, आनि तुमी तिचाच बंदोबस्त करत बसलात!”

मी पिशवी उघडून तो दीड बूट पुन्हा एकदा बघितला.

“फक्त एक करा,” मामा हळूच म्हणाले, “स्वप्नाला सांगताना त्या मुक्या जनावराचं नाव नका घेऊ. तुमचंच सांगा!”