एक्क्याऐंशी वर्षांच्या दगडोबाचं प्रकरण

कापसाच्या बोंडावरून ते कुणाच्या शेतातलं, पावलाच्या ठशावरून माणूस कोणत्या पायानं लंगडतो आणि खोकल्यावरून तो खोटं बोलून राहिला की काय, हे मी सांगू शकतो. बराबर सांगतो, असं मात्र मी कधी म्हटलेलं नाही.

मी उद्धव. वसमतच्या एका शाळेत कारकून होतो, पण ते पोटासाठी. खरा मी गुप्तहेर. माझ्याकडे नांदेडहून आणलेलं एक भिंग होतं आणि थावरा नावाचा सहायक होता. थावरा शाळेचा शिपाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आपण सहायक आहोत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागं शाळेची घंटा नाहीशी झाली तेव्हा मी दोन दिवसांत तीन संशयित काढले होते. तिसऱ्या दिवशी थावरा ती लोहाराकडून घेऊन आला. हेडमास्तरांनीच ती सांधायला दिली होती. तरी संशयितांची यादी उत्तम होती, हे हेडमास्तरांनीही मान्य केलं. त्यांचं नाव तीत दुसरं होतं.

ही गोष्ट १९४३ च्या जूनमधली. आमच्या शाळेत राधाकृष्ण मास्तर भूगोल शिकवत. शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर दुसरी शाळा भरे. मॅट्रिक झालेली पोरं आणि त्यांचे बाप तिथं येऊन बसत. कोणतं कॉलेज कुणाला झेपेल, वसतिगृहात जेवण कसं मिळतं, वजिफा म्हणजे शिष्यवृत्ती कुणाकडे मागायची, हे मास्तर सांगत आणि अर्जही लिहून देत. सव्वीस वर्षं हे चाललं होतं. त्या वर्षी हैदराबादच्या एका विद्या सहायक मंडळानं विद्यार्थ्यांना वाट दाखवणाऱ्या शिक्षकासाठी रौप्यपदक जाहीर केलं. मास्तर अर्ज करायला तयार नव्हते. त्यांच्या पत्नी गंगूताईंनी आठ दिवस अबोला धरला, तेव्हा केला. त्याच टपालानं त्याच मंडळाकडे दगडोबाचा वजिफ्याचा अर्जही गेला. दगडोबा अठरा वर्षांचा, औंढ्याजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलेला.

दोन्ही उत्तरं एका मंगळवारी आली.

मास्तरांना मंडळानं कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा वजिफा आणि वसतिगृहात खोली दिली होती. अर्जात वय ५१ पडलं आहे, ती लेखनातली चूक समजून आम्ही १५ धरलं, असं खाली लिहिलं होतं. सोमवारपर्यंत वडिलांना घेऊन हजर व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. रात्री आठनंतर खोलीबाहेर फिरू नये.

दगडोबाला सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल रौप्यपदक मिळालं होतं. त्याचं १८ वय मंडळानं ८१ केलं होतं. या वयातही आपण तरुणांना वाट दाखवता याचं आम्हांस नवल वाटतं, आणि समारंभाला येताना आधाराला कुणाला तरी घेऊन यावं, अशी विनंती होती.

ओट्यावर आधी हशा झाला. मग दगडोबाचे वडील रामकिशन बोलले आणि तो थांबला. हळदीच्या आडतीवर माप घालायला माणूस हवा होता आणि त्यांनी दगडोबासाठी शब्द टाकून ठेवला होता. वजिफा आला तर पोरगं कॉलेजात जाईल, नाहीतर सोमवारपासून आडतीवर, असं घरात ठरलं होतं. ते रागावले नव्हते. पत्राची घडी त्यांनी नीट घातली आणि मास्तरांना म्हणाले, "तुमी तकलीफ लई घेतली. पण आमच्या पोराचा वजिफा तुमालाच काहून दिला?"

 आपल्या विद्यार्थ्याच्या जागेवर आपण बसलो, एवढंच मास्तर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.  दगडोबा मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं ओट्याचं सारवण उकरत होता. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगतो, आनंदही झाला. इतकं चांगलं प्रकरण वसमतला यापूर्वी घडलं नव्हतं.

पहिला संशय मी संतराम मास्तरांवर घेतला. त्यांनीही पदकासाठी अर्ज केला होता. म्हणजे हेतू होता. बुधवारी मी त्यांच्या दारातली माती कागदात बांधून आणली. नंतर कळलं की ते महिनाभर बहिणीकडे होते आणि ती माती त्यांच्या म्हशीनं आणलेली होती.

दुसरा तर्क असा की टपालाची पिशवी वाटेत कुणीतरी फोडली. आमचं टपाल जातं रेल्वेनं. तरी मी गुरुवारी मोटारीनं वारंगा फाट्याला गेलो, कारण गुन्हेगार फाट्यावर थांबतात असं माझं मत होतं. तिथल्या हॉटेलवाल्या मोहनसिंगाला मी दोन तास प्रश्न विचारले. मला एखादा दुवा हवा होता. त्यानं मला पोटभर जेवू घातलं आणि निघताना दिली ती दुवाच. परतीची मोटार चुकली. सरकीच्या पोत्यांवर बसून बैलगाडीनं आलो. तपास लागला नाही, डुलकी मात्र लागली.

तिसरा तर्क सगळ्यांत धाडसी होता: दगडोबा खरोखरच एक्क्याऐंशी वर्षांचा असून वेष पालटून वावरत असावा. शुक्रवारी मी भिंगातून त्याची मिसरूड तपासली आणि ओढूनही पाहिली. मिसरूड खरी निघाली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ओढण्यानं आलं की आडतीच्या विचारानं, एवढंही मला ओळखता आलं नाही.

त्या संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर मी मास्तर आणि रामकिशन यांच्यापुढं तिन्ही तर्क सविस्तर मांडत होतो. गंगूताई चहा घेऊन आल्या, खाली बसल्या आणि दोन्ही पत्रं त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचली. मग त्यांनी मला विचारलं, एकेका अर्जाचे कागद किती होते?

मी सांगितलं, दोन. एकावर नाव, गाव आणि वय. दुसऱ्यावर बाकीची हकीकत.

"आणि ते एकमेकांना जोडले कुणी?"

मी अभिमानानं सांगितलं की मीच. मास्तर खळ लावतात, त्यानं डाग पडतात. म्हणून मी स्वतः टाचण्या आणल्या, चारही कागद टेबलावर मांडले आणि...

इथं मी थांबलो. माझ्या कारकिर्दीत मी काढलेला हा एकच कबुलीजबाब. थावरा उंबऱ्यावर बसून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "मला तवाच वाटलं व्हतं. पण इचारलं कोनी?"

गुप्तहेर म्हणून माझं नाव जाणार हे मला दिसत होतं, पण त्या क्षणी मला फक्त रामकिशन दिसत होते. मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले की पाय धरण्यापेक्षा गाडी धरा.

शनिवारच्या गाडीनं मास्तर, दगडोबा आणि मी निघालो; वडिलांच्या जागी मास्तरच उभे राहणार होते. सोमवारी सकाळी मंडळाच्या चिटणीसांसमोर उभे राहिलो. ते वृद्ध गृहस्थ होते. मी सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. त्यांनी अर्ज काढले, टाचण्या उपसल्या, कागद बदलून पुन्हा टोचले. तेवढ्यानंच दगडोबाला वजिफा मिळाला. त्याला खोलीची किल्ली देताना त्यांनी आठनंतर बाहेर न फिरण्याबद्दल बजावलं. दगडोबानं वाकून मास्तरांना नमस्कार केला आणि खोली बघायला अक्षरशः पळाला.

पदकाची अडचण वेगळी होती. त्यावर दगडोबाचं नाव कोरून झालं होतं. चिटणीस ओशाळले, घासून पुन्हा कोरून देतो, पंधरा दिवस लागतील, म्हणाले. मास्तरांनी पदक तळहातावर घेतलं आणि त्यावरचं नाव वाचलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "नाव चुकलेलं नाही."

परतताना गाडीत समोर एक शेतकरी बसला होता. मास्तर डबीतून पदक काढून पाहत होते. त्यानं ते हातात घेतलं, अक्षर अक्षर जुळवून नाव वाचलं आणि विचारलं, "दगडोबा तुमीच का?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि हो म्हणाले. मग त्याची मुलगी सातवीत आहे हे कळल्यावर त्यांनी चप्पल काढली, बाकावर मांडी घातली आणि पूर्णा स्टेशन येईपर्यंत त्याला समजावत राहिले.