एक टिक, एक मत

मंडळी, छातीठोकपणे सांगतो, बैठक झटपट कशी उरकावी हे माझ्याकडून शिकावं! पाच विद्यापीठांचं मिळून आमचं एक रेडिओ लहरींचं केंद्र आहे. मोबाइल, रडार, उपग्रह, दुर्बिणी या सगळ्यांना एकाच आकाशात गुण्यागोविंदाने कसं नांदवायचं, यावर आम्ही संशोधन करतो. आम्ही स्वतः तसे नांदत नाही, तो भाग वेगळा. मी तिथला समन्वयक. म्हणजे पाच सासवांची एकुलती एक सून!

यंदा पुढच्या पाच वर्षांची कामं ठरवायची होती. विषय एकोणीस, निवडायचे तीन, बाकीचे बंद. मागच्या खेपेला याच कामाला अकरा बैठका लागल्या आणि दोन प्राध्यापकांनी एकमेकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

"या वेळी एका तासात उरकतो की नाही बघ!" मी घरी म्हणालो.

"तुम्हाला सदरा निवडायला एक तास लागतो," बायको म्हणाली.

पण माझी योजना पक्की होती. बिनतारी बटणं! मतदार नऊ, त्यात पाच विद्यापीठांचे पाच प्राध्यापक, संचालक आणि मी. पडद्यावर विषय येणार, ज्याला पटेल त्याने बटण दाबायचं, आकडा आपोआप चढणार. मतं मोजणारं यंत्र मी दोन रविवार खपून स्वतः बनवलं होतं. हवेतून आली टिक की धर मत, इतकं सोपं! रेडिओच्या केंद्राने असलं यंत्र विकत आणायचं म्हणजे शिंप्याने सदरा उसना मागण्यासारखंच की!

बैठकीच्या सकाळी मोजणीताई ते यंत्र बघायला आल्या. या आमच्या तंत्रज्ञ. गच्चीवरच्या खोलीत बसून इमारतीतला रेडिओ गोंगाट, म्हणजे यंत्रांतून सुटणाऱ्या नको त्या लहरी, रात्रंदिवस मोजतात आणि वहीत उतरवतात. त्यांचा विषय यादीत एकोणिसावा. तो गळला की त्यांची खोली बंद आणि त्या घरी, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"साहेब, याला गाळणी नाही लावलीत? हवेतलं काहीही हे मत म्हणून धरेल."

"अहो ताई, आपल्या इमारतीत हवेत असणार तरी काय!"

त्या वही घेऊन दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

माझ्या खुर्चीला मी केबिनमधली, मेहुण्याने तीन वर्षांपूर्वी दिलेली उशी आणून बांधली होती. दुपारी पाठीला बरी पडते. टेकलं की थरथरते, उठलं की बंद. हुद्द्याला शोभत नाही म्हणून वर कोट टाकला.

पहिला विषय मोबाइलवाल्या सरांचा. मी ऐटीत मागे टेकलो. आकडा एक... चार... पंचावन्न... तीनशे बारा!

"तीनशे बारा?" संचालकांनी चष्मा पुसला. "आपण नऊ जण आहोत ना?"

"लोकांचा पाठिंबाच तेवढा आहे!" मोबाइलवाले सर म्हणाले.

दुसरा विषय ताऱ्यांचे संदेश ऐकणाऱ्या दुर्बीणवाल्या मॅडमचा. नियम पुन्हा समजावून सांगायला मी उठून उभा राहिलो. मतं दोन.

"दोन? हा सरळसरळ घोटाळा आहे!" मॅडम कडाडल्या.

मी घाईघाईने उरलेले विषय उभ्यानेच दाखवले. कुणाला तीन, कुणाला एक. एकोणिसाव्याला शून्य.

"म्हणजे गच्चीवरची खोली या महिन्यात बंद," संचालकांनी टिपून घेतलं. मोजणीताईंनी वही मिटून मांडीवर ठेवली. मला फार वाईट वाटलं हो! पण तेवढ्यात मॅडमनी पिशवीतून अँटेना काढला.

"कुणीतरी चोरून लहरी सोडतंय. शोधून काढते!"

झालं! पाचही प्राध्यापकांनी आपापले अँटेने काढले. हात वर करून मतं घेतली असती तर मिनिटभरात काम झालं असतं, पण सांगणार कोण? मीही त्यांच्यामागे धावलो. टेबलाखाली शोधलं, स्वयंपाकघरात शोधलं, पंखे बंद केले. रडारवाल्या सरांनी तर शिपाईकाकांचे खिसे तपासले. कुठे काही म्हणजे काही नाही!

शेवटी दमून परत आलो आणि मी "हुश्श" करून खुर्चीत टेकलो.

टिक टिक टिक टिक! आकडा चारशेवर! पाचही अँटेने गर्रकन माझ्याकडे वळले. मी दचकून उठलो. शांतता.

"साहेब, बसा," मोजणीताई म्हणाल्या.

बसलो. टिक टिक टिक!

"उठा."

शांतता.

"बसा."

"अहो ताई, पुरे!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" संचालक हसून हसून टेबलावर आडवे झाले. मॅडमनी कोट उचलला आणि भर सभेत माझी उशी उघडी पडली. मंडळी, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं असं झालं!

मोजणीताईंनी वही उघडली. "या उशीच्या मोटारीचा हाच गोंगाट गेली तीन वर्षं रोज सव्वातीनला उठतो आणि पावणेचारला थांबतो. शनिवार-रविवारी नाही. मेमध्ये पंधरा दिवस अजिबात नव्हता."

"तेव्हा मी रजेवर होतो," मी पुटपुटलो.

दुर्बीणवाल्या मॅडम एकदम मटकन खाली बसल्या. "सव्वातीन? अहो, मग माझा तो सव्वातीनलाच बोलणारा नवा तारा! त्याच्यावर सत्तर पानं लिहिलीत मी!"

"तारा शनिवार-रविवार सुट्टी घेतो, हे तुम्हाला खटकलं नाही?" मोबाइलवाल्या सरांनी विचारलं.

मॅडमनी अँटेना पिशवीत टाकला आणि स्वतःच हात वर केला. "माझं मत एकोणिसाव्या विषयाला. आधी घरातला गोंगाट मोजा, मग आकाशाकडे बघू." एकेक करत नऊच्या नऊ हात वर गेले. माझा जरा उशिरा गेला, पण गेला. मोजणीताई रडत होत्या की हसत होत्या, कळेना. बहुतेक दोन्ही. उरलेले दोन विषयही मग हात वर करूनच ठरले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. आता त्या प्रकल्पप्रमुख! त्यांनी टेबलावर एक छापील तक्ता ठेवला. 'गोंगाटाचा स्रोत क्रमांक एक: समन्वयक. दुपारी सव्वातीन ते पावणेचार: मोजणीसाठी उशीला टेकून बसणे. कालावधी: पाच वर्षं.'

"रोज सही करायची हं, साहेब. खाडा नको."

काय सांगू मंडळी! चौदा वर्षं नोकरी झाली, पण माझं बसून राहणं कुणीतरी कामात धरलं, ते पहिल्यांदाच!