सोडण्याचा इशारा

लक्ष्मण मेश्रामांनी एकदा नागपूरची गाडी एका कुत्र्यासाठी सोडली. भाचीचे लग्न होते. आहेराची साडी पिशवीत होती, तिकीट खिशात होते, गाडी फलाटावर लागलेली होती. डब्यात पाय ठेवता ठेवता त्यांना आठवले, की निघताना कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या कुत्र्याला आपण थांबवले आणि सोडायचे राहिले. ते ऑटो करून परत आले.

कुत्रे तोवर हातगाडीखाली झोपी गेले होते. मेश्रामांनी त्याला उठवले, बसवले, आपला पंजा पालथा धरून थांबवले, मनात दहापर्यंत मोजले आणि मग रीतसर सोडले. त्यानंतर दुकानदाराला पुढच्या गाडीची वेळ विचारली.

मी दुकानात उभा होतो. म्हणालो, "मेश्राम, तुमची पाठ वळताच ते कुत्रे उठले होते."

"ते उठलं असंन, साहेब. म्या सोडलं नव्हतं."

ह्या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या होत्या. लग्नाला ते अक्षता पडून गेल्यावर पोहोचले. त्याचे त्यांना काही वाटल्याचे दिसले नाही.

आमच्या ह्या हिंदीभाषक शहराच्या उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी चौतीस वर्षे क्रेनला इशारे दिले. क्रेन चालवणारा वर केबिनमध्ये बसतो. खालच्या गोंगाटात त्याला काही ऐकू येत नाही. तो खाली उभ्या असलेल्या एकाच माणसाचा हात पाहतो. तर्जनी आकाशाकडे करून लहानसे वर्तुळ फिरवले की उचल. जमिनीकडे करून फिरवले की उतरव. हात आडवा आणि पंजा पालथा, म्हणजे थांब. दोघांनी दोन इशारे दिले की टनभर लोखंड कोणाच्या तरी डोक्यावर येते. म्हणून इशारा एकाचाच. आणि ज्याने थांबवले त्यानेच सोडायचे. मेश्राम निवृत्त झाले तेव्हा क्रेन मिलमध्ये राहिली, हात त्यांच्याबरोबर आला. तो त्यांनी तेलीबांधा तलावामागच्या आमच्या वसाहतीतील कुत्र्यांकडे वळवला. तर्जनी खाली, कुत्रे बसले. पंजा पालथा, कुत्रे थांबले. तर्जनी वर, कुत्रे मोकळे.

लोक त्यांना आपापली कुत्री शिकवायला बोलावू लागले. मेश्राम येत, कोरा चहा घेत, आणि पहिले तीन दिवस कुत्र्याकडे ढुंकूनही पाहत नसत. ते माणसांची तपासणी करीत. शेजारच्या वर्मांकडे त्यांनी घरातील पाचही जणांना भिंतीशी ओळीत उभे केले आणि विचारले, कुत्रा सोफ्यावर चढला की कोण काय म्हणते? एकजण 'उतर' म्हणत होता, दुसरा 'हट', तिसरा 'डाउन', सून 'बेटा, प्लीज' म्हणत होती, आणि आजी बिस्किट दाखवीत होत्या.

"बिस्कुट तुमी देता का, दाई?"

"हव," आजींनी मान डोलावली.

"मंग ह्या घरच्या मालकीण तुमीच. बाकी हे चार पाहुणे हायेत."

आजींना मराठी फारसे येत नव्हते. पण आशय त्यांना पोहोचला असावा. त्या प्रसन्न हसल्या आणि मेश्रामांपुढेही बिस्किटांची बशी ठेवली.

वसाहतीच्या एका झेंडावंदनाचा प्रसंग अनेकांच्या स्मरणात आहे. आमचे अध्यक्ष भाषणात हात फार वापरतात. "इसी ज़मीन पर, इसी ज़मीन पर," असे म्हणत त्यांनी तर्जनी खाली फिरवली आणि मैदानातली सात कुत्री एका रांगेत बसली. अध्यक्षांना स्फुरण चढले. पुढे त्यांनी विकास आसमानात नेला, तर्जनी वर गेली, आणि सातही कुत्री उठून चालती झाली. श्रोते हसले. मेश्राम हसले नाहीत. समारंभानंतर ते अध्यक्षांना बाजूला घेऊन म्हणाले, "भैया, बिना मतलब का इशारा मत दिया करो। कुत्ता भरोसा करता है।"

माझ्याकडे चिकू आला तो माझ्या इच्छेविरुद्ध. पत्नी वारली, मुलगी हैदराबादला निघाली, जाताना तिने आपले कुत्रे माझ्यापाशी ठेवले. सोबत होईल, म्हणाली. मला सोबतीची सवय नव्हती. पाटबंधारे खात्यात अधीक्षक म्हणून मी आयुष्य काढले. माझी सही असलेल्या कागदावर कधी जाणूनबुजून खोटे लिहिले गेले नाही, एवढाच माझा लौकिक. चिकूने पहिल्याच आठवड्यात माझे दोन जोडे आणि एक सेवापुस्तिका खाल्ली. मी मेश्रामांना बोलावले.

मला त्यांनी भिंतीशी उभे केले नाही. खुर्चीत बसवून प्रश्न विचारले. ताटातून देता का? मी नाही म्हणालो. त्यांनी चिकूकडे पाहिले. चिकू माझ्या रिकाम्या ताटाच्या जागेकडे पाहत होता.

"साहेब, कुत्रं खोटं बोलत नाई."

"शेवटचा तुकडा देतो," मी म्हणालो. "फक्त पोळी असेल तर."

"त्याले पोळी अन् भाकर समजत नाई. त्याले एवढंच समजते, का साहेबाचा नियम कच्चा हाये."

हे वाक्य मला लागले. तुकडा बंद झाला. महिन्याभरात चिकू उंबऱ्यावर थांबू लागला, पाहुण्यांवर उडी मारीनासा झाला, रस्ता ओलांडताना माझ्या डाव्या पायाशी चालू लागला. एक गोष्ट मात्र मी केली नाही. इशारे दिले नाहीत. बोट आभाळाकडे करून रस्त्यात गोल फिरवणे मला जमण्यासारखे नव्हते. मेश्राम रोज सकाळी मला ते करायला सांगत, मी घड्याळ पाहत असे, आणि शेवटी मेश्रामच इशारा करीत.

"काहून लाजता, साहेब? कुत्रं तुमचं हाये का माहं?"

"तुमचे ऐकते ना? झाले तर."

"मी नसलो त मंग?"

मी म्हणालो, तेव्हाचे तेव्हा पाहू. मी सहसा असे उत्तर देत नाही. त्या वेळी दिले.

एका सकाळी चहा घेताना त्यांनी मुलाचा विषय काढला. त्यापूर्वी त्यांना मुलगा आहे हेच मला ठाऊक नव्हते. नाव विजय. बापाने खटपट करून त्याला आपल्याच मिलमध्ये लावले होते. सहा वर्षांपूर्वी त्याने न विचारता ती नोकरी सोडली आणि भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये गेला. तेव्हा मेश्रामांनी त्याला दारात उभे करून सांगितले, की मी बोलावल्याशिवाय ह्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही.

"मग?"

"मंग काय? नाई आला." त्यांनी बशी खाली ठेवली. "सहा वर्षांत एकडाव बी नाई आला. माहं पोट्टं शिस्तीचं हाये, साहेब."

हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी नीट ऐकले होते, अभिमानच होता.

"भनपुरी इथून किती लांब? बोलवा त्याला."

"बोलावतो न. बुद्धपौर्णिमेले बोलावतो." उठता उठता म्हणाले, "त्याची माय असती तं तिनं मधातच बोलावून घेतलं असतं. तिले नियम नव्हता."

बुद्धपौर्णिमा आली आणि गेली. मी विचारले नाही. दुसऱ्याच्या घरात बोलू नये, हा माझा नियम.

पावसाळा सरल्यावरची गोष्ट. सकाळी साडेसातला मेश्रामांनी चिकूला आपल्या फाटकाबाहेर थांबवले आणि चष्मा आणायला आत गेले. ते बाहेर आले नाहीत. मी दोन हाका मारल्या. मग आत गेलो. ते ओट्यापाशी पडले होते, चष्मा डाव्या हातात होता. वर्मांच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेले. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही.

दुपारी परतलो तेव्हा चिकू फाटकाबाहेर तसाच होता. तो बसून कंटाळला होता, आडवा झाला होता, वर्मांच्या आजींनी पुढे ठेवलेली पोळी त्याने खाल्ली होती. पण जागा सोडली नव्हती. मी "चल" म्हणालो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही, हाताकडे पाहिले. रस्त्यावर माणसे होती. मी साखळी लावून त्याला ओढत घरी नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच तो पुन्हा तिथे जाऊन बसला.

त्याच दिवशी मी भनपुरीला गेलो. ट्रकांच्या रांगा आणि धूळ ओलांडून ते ट्रान्सपोर्ट सापडले. विजयला ओळखायला विचारावे लागले नाही. तो एका ट्रकला मागे घेण्यासाठी हात दाखवत होता. हात तोच होता.

मी हकीकत सांगितली. तो मराठी समजत होता. उत्तर हिंदीत देत होता.

"मालूम है, अंकल। कल वर्मा भैया का फोन आया था।" त्याने रुमालाने मान पुसली. "पापा ने बुलाया है क्या?"

मला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तो उत्तरासाठी माझ्याकडे पाहत राहिला. एवढा मोठा माणूस. पण पाहण्याची तऱ्हा लहानाची होती.

"बोलावलेले नाही," मी म्हणालो. "त्यांना बोलता येत नाही."

"डॉक्टर को फोन किया था मैंने। बोले, गुस्सा बिलकुल नहीं आना चाहिए। मुझे देख के उनको..." त्याने रुमालाची घडी केली. "आप पूछ लीजिए न, अंकल। वो एक बार हाँ कर दें। मैं तुरंत आ जाऊँगा।"

मी विचारतो म्हणालो आणि निघालो. जे घडले नव्हते ते घडले म्हणून सांगण्याची मला सवय नव्हती. त्याला "हो, बोलावले आहे" हे तीन शब्द पुरले असते. बसथांब्यापर्यंत येताना ते मला सुचले. मी परत फिरलो नाही.

संध्याकाळी मेश्रामांच्या खाटेशी बसलो. त्यांचा उजवा हात चादरीवर ठेवलेला होता, जसा परक्याचा ठेवावा. मी म्हणालो, "विजयला बोलावू का?" त्यांनी डोळे दाराकडे नेले आणि तिथेच ठेवले. ह्याला होकार म्हणावे की नाही, याचा मी विचार करू लागलो. खात्यात अशा वेळी मी प्रकरण दुसऱ्या दिवसावर ठेवीत असे. तेच केले. तिसऱ्या दिवशीही त्यांचे डोळे दाराकडेच होते. तोवर माझी खात्री झाली. उद्या सकाळी पुन्हा भनपुरीला जायचे आणि सांगायचे, असे मी ठरवले.

सकाळी सहाला इस्पितळातून फोन आला.

त्यांना घरी आणले. विहारातील मंडळी जमली, वसाहत जमली. पांढऱ्या चादरीवर फुले वाहून लोक बाजूला होत होते. विजय आलेला दिसेना. मी बाहेर पाहिले. तो फाटकाबाहेर उभा होता. चपला काढून हातात धरल्या होत्या. फाटक सताड उघडे होते. लोक त्याला ओलांडून आत-बाहेर करीत होते. कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवी, कोणी "चलो भैया" म्हणे. तो मान हलवी आणि तिथेच राही. त्याच्या पायाशी चिकू बसला होता.

लोकांना वाटले, दुःखाने पाय उचलत नाही. कारण मला ठाऊक होते.

मी बाहेर गेलो. "आत चल," म्हणालो.

"मैं नीचे ही था, अंकल।" तो हळू म्हणाला. "जिस दिन आप आए, उसी शाम से। अस्पताल की पार्किंग में। सोचा, बुलाएँगे तो देर न हो।"

खाटेपासून पार्किंगपर्यंत दोन जिने होते. मी ते रोज उतरत होतो, मान खाली घालून, पायऱ्या बघत.

मी रस्त्याच्या मध्यावर दोन पावले मागे सरकलो, जिथून माझा हात दोघांनाही दिसेल. अध्यक्ष होते, वर्मांच्या आजी होत्या, सगळी वसाहत होती. मी उजवा हात वर केला, तर्जनी आकाशाकडे केली आणि लहानसे वर्तुळ फिरवले. सवय नव्हती, त्यामुळे ते नीट गोल झाले नाही.

चिकू लगेच उठला. विजय माझ्या हाताकडे पाहत राहिला. त्याने लहानपणापासून तो इशारा पाहिलेला असणार. मग त्याने चपला खाली ठेवल्या आणि फाटकाच्या आत पाऊल टाकले.

ज्याने थांबवले त्यानेच सोडायचे, हा मेश्रामांचा नियम त्या दिवशी मी मोडला. भनपुरीला तो मोडायचे धाडस माझ्यात असते, तर दाराकडे लागलेले ते डोळे मिटण्यापूर्वी त्यांना कोणी तरी दिसले असते.